गजराजाची सोंड खाली का येते

एकाच सिलिंडरसाठी तिसऱ्यांदा खाडी ओलांडायची वेळ रत्नपालवर आजवर आली नव्हती. आगरदांड्याला फेरीबोटीवर मोटरसायकल चढवताना तिथल्या ओळखीच्या माणसाने विचारलंसुद्धा, "काय भाऊ, पलीकडं सासुरवाडी केलीत काय?"

रत्नपाल नुसता हसला. सासुरवाडीला माणूस तिसऱ्यांदा गेला तर निदान कोंबडी तरी कापतात. इथे त्याचंच नाक कापलं जायची वेळ आली होती.

मुरुडला त्याचं छोटं वर्कशॉप. काम एकच, हायड्रॉलिकचं. ट्रॉलीचा जॅक असो, बर्फाच्या कारखान्यातली लिफ्ट असो, खोदकामाचं मशीन असो, रत्नपालने सील बसवलं की दोन पावसाळे त्याकडे बघायला नको, असं लोक म्हणत. खाडीच्या पलीकडच्या बाजूला, दिघीपासून पार दिवेआगरच्या पुढेपर्यंत, हे नाव पसरवलं ते कुलदीपने. कुलदीपचं स्वतःचं एक पिवळं मशीन, पुढे बकेट आणि मागे खोदायची लांब सोंड. त्याच्या शब्दावर आणखी अकरा मशीनवाले रत्नपालकडे येऊ लागले होते. आणि नेमका त्याच कुलदीपच्या मशीनचा, सोंड उचलणारा सिलिंडर अडीच महिन्यांत तिसऱ्यांदा गळायला लागला होता.

"रत्नादादा," काल तो फोनवर म्हणाला होता, "आपला रिस्पेक्ट आहे, पण पप्पा ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, पनवेलवाल्याला बोलव. मी म्हटलं, शेवटचा चान्स दादाला."

शेवटचा चान्स! म्हणजे हे चुकलं की बाराही मशीनं पनवेलवाल्याची. रत्नपालने एवढंच सांगितलं, "मी येईपर्यंत हात लावू नकोस. पुसू नकोस, धुवू नकोस. जसं आहे तसं राहू दे."

कारण मागच्या दोन्ही वेळा कुलदीपने, मेकॅनिक येणार म्हणून, सिलिंडर डिझेलने चकाचक धुऊन ठेवला होता. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं तसा. आणि रत्नपालनेही, स्वच्छ काम मिळालं म्हणून खूश होऊन, फाटलेलं सील काढून नवीन बसवलं होतं आणि निघून आला होता. सील का फाटलं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. पहिल्यांदा म्हणाला, जुनं झालं असेल. दुसऱ्यांदा म्हणाला, मालच हलका आला असेल. तिसऱ्यांदा म्हणायला काही शिल्लक नव्हतं.

कुलदीपच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिच्यात मशीन उभं होतं, सोंड जमिनीला टेकवून, गायीने मान टाकावी तसं. सोंडेवर लाल अक्षरांत 'गजराज' लिहिलेलं. हे नाव कुलदीपच्या आईने, कोकिळाकाकूंनी ठेवलेलं. काकू इतक्या हळू बोलत की त्यांचं ऐकायचं तर आधी इंजिन बंद करावं लागे. आणि त्यांचे नेम म्हणाल तर आठवड्याचे वार संपले की तिथी सुरू होत. मागच्या पावसाळ्यात कुलदीप मशीनसकट बांधावरून घसरला आणि त्याला खरचटलंसुद्धा नाही, तेव्हापासून काकूंच्या देवांत गजराजाची भर पडली होती.

"आला काय रे रत्ना?" ओसरीवरून कुलदीपचे वडील, मोरूभाऊ, उठून आले. "ह्या खेपेला मला कळलंय काय झालंय ते. हवा धरलीन त्यानं."

"मागच्या खेपेला तुम्ही पंप म्हणाला होतात, भाऊ."

"तवा पंपच व्हता. आता हवा हाय. मानसाला न्हाय का, एकदा पाठ धरते, एकदा पोट."

रत्नपालचे तीन प्रश्न ठरलेले असत. काय होतं, कधी होतं, कधीपासून होतं. त्याचं म्हणणं, सिलिंडर खोटं बोलत नाही, बोलतो तो मालक.

"सोंड वर करून ठेवली ना," कुलदीप सांगू लागला, "की चहा पिऊन येईपर्यंत खाली. एकदम धाडकन नाही हां. हळूहळू. कीर्तनात डुलक्या लागलेल्या माणसाची मान येते ना, तशी."

"आणि पहिल्यांदा कधी झालं?"

"जुलैमध्ये कधीतरी."

"जुलै कसला!" मोरूभाऊ म्हणाले. "गटारीच्या आदल्या दिवशी. माझा सगळा बेत बसला व्हता तुझ्या मशीनपायी."

"दुसऱ्यांदा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी," दारातून काकूंचा आवाज आला. "तुम्ही आलात तेव्हा एकादशी होती, रत्नपाल. साबुदाण्याची खिचडी दिली होती. आजही एकादशीच आहे."

या घरात तारीख कुणाच्याच लक्षात नव्हती, पण तिथी सगळ्यांच्या तोंडपाठ होती. रत्नपालने मनात टिपलं. आषाढापासून.

मग त्याने कामाला सुरुवात केली. सोंड आपोआप उतरते, याचा अर्थ ती पेलणारं ऑइल कुठून तरी पळतंय. त्याला पळायला वाटा तीन. एक, सिलिंडरच्या आतल्या आत, पिस्टनच्या कडेने. दुसरी, ऑइल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हमधून. या दोन वाटांनी गेलं तर डोळ्यांना दिसत नाही. तिसरी वाट सिलिंडरमधून आत-बाहेर करणाऱ्या दांड्याबरोबर बाहेर, आणि ती अंगणभर दिसते. रत्नपालने सिलिंडरखाली वर्तमानपत्र अंथरलं, सोंड वर उचलून इंजिन बंद करायला लावलं आणि सोंडेच्या सांध्यावर खडूने रेघ मारली.

"आता?" कुलदीपने विचारलं.

"आता गप्प बसायचं."

मोरूभाऊंना यापेक्षा अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. ते दोनदा खाकरले, एकदा "हवाच हाय" म्हणाले आणि शेवटी विडी ओढायला वाडीत गेले. अर्ध्या तासाने रेघ दोन बोटं सरकली होती आणि वर्तमानपत्रावर ऑइलचं मोठं तळं झालं होतं.

"बाहेरच्याच वाटेने जातंय," रत्नपाल म्हणाला. त्याने सोबतच्या बाटलीत थोडं ऑइल काढून उन्हात धरलं. पाणी शिरलं असतं तर ते ताकासारखं दिसलं असतं. हवा असती तर फेस असता. हे स्वच्छ, मधासारखं होतं.

"हवा न्हाय?" मोरूभाऊंनी परत येऊन खिन्नपणे विचारलं.

"नाही, भाऊ."

"मग ती आज सकाळपासूनच नसंल."

सोंड पुन्हा जमिनीला टेकवून, खाली लाकडी ठोकळे देऊन रत्नपाल स्टुलावर चढला. सोंड खाली असली की सिलिंडरचा दांडा पुरता बाहेर येतो, चांदीसारखा लखलखीत. त्यावरून त्याने अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग तोंडाजवळ नख अडखळलं. बारीक चरे. तेही फक्त वरच्या बाजूला. दांडा वाकला असता तर सील एका अंगाने झिजलं असतं आणि घासही लांबवर दिसली असती. हे तसं नव्हतं. वरून काहीतरी पडत होतं आणि दांड्याबरोबर आत जात होतं.

वरून काय पडणार? डोक्यावर पत्रा, पत्र्याखाली वाशांवर चिमण्या. रत्नपालने चिमण्यांकडे संशयाने पाहिलं आणि सिलिंडरचं तोंड उघडलं.

दांडा आत जाताना त्याच्यावरची धूळ पुसून काढायला तोंडाशी एक रबरी कड असते. पायपुसणंच म्हणा ना. त्या कडेखाली पिवळट, गुबगुबीत असं काहीतरी दाटीवाटीने बसलं होतं. रत्नपालने चिमट्याने एक काढलं, बोटावर घेतलं.

तांदूळ. ऑइल पिऊन फुगलेला, हळद लावलेला तांदूळ. आणि त्याच्या बाजूला कुंकवाची लाल रेघ.

स्टुलावर उभ्या उभ्या त्याला सगळं लख्ख कळलं. पूजेच्या अक्षता. पहाटे सोंड खाली असते, दांडा बाहेर, चांदीचा. तोंडाशी छान गोल खोबण. अक्षता तिथे ठरतात, घरंगळत नाहीत. आठ वाजता कुलदीप इंजिन चालू करतो, सोंड वर जाते, दांडा आत जातो आणि अक्षता पायपुसण्याखाली जाऊन बसतात. पायपुसणं उचललं गेलं की किनाऱ्याची सगळी वाळू मोकळ्या वाटेने आत. वाळूने दांड्यावर चरे, चऱ्यांनी सीलच्या चिंध्या. तिन्ही वेळा हेच!

निदान झालं होतं. आणि रत्नपाल स्टुलावरून खाली उतरेना.

कारण हे सांगायचं कुणी? दुसऱ्या कुणा मेकॅनिकने सांगितलं असतं तर तो सल्ला झाला असता. रत्नपालच्या घरात आजोबांपासून, म्हणजे छप्पन सालापासून, पूजाअर्चा नाही. भिंतीवर बुद्धांची तसबीर, बस्स. तो जर म्हणाला की काकू, तुमच्या पूजेने मशीन बिघडतंय, तर उद्या गावभर काय होईल? 'बघा, याला आमचा देवच खुपला.' पनवेलवाला परवडला. आणि गावाचंही जाऊ दे. काकूंनी या घरात पहिल्या दिवसापासून त्याला पाटावर बसवून, स्वतः वाढून जेवू घातलं होतं. त्यांना काय वाटेल?

त्याने मुकाट्याने सगळे दाणे वेचले, रुमालात बांधले आणि रुमाल खिशात टाकला.

"काय निघालं?" कुलदीपने खालून विचारलं.

"खारी हवा," रत्नपाल म्हणाला. आयुष्यात त्याने दिलेलं हे पहिलं खोटं निदान. "समुद्राची खारी हवा. दांड्याला लागते."

"मी हवाच म्हनत व्हतो!" मोरूभाऊंनी मांडीवर थाप मारली.

काकू दारात आल्या होत्या. "मग त्याला काही उपाय?" त्यांनी काळजीने विचारलं. "खाऱ्या हवेला तूप चांगलं. रोज दांड्याला तूप लावत जाऊ का? पहाटे पूजेला माझा हात तिथे असतोच."

रत्नपालच्या डोळ्यांसमोर तूप लावलेला दांडा आला. तुपावर चिकटलेल्या अक्षता. अक्षतांवर चिकटलेली वाळू. "नको, नको, काकू! तूप नको."

"प्लास्टिक गुंडाळून टाकू," कुलदीप म्हणाला.

"चालेल," काकू म्हणाल्या. "मी प्लास्टिकच्या आतून हात घालून करीन पूजा. दाणे इकडे तिकडे सांडणारही नाहीत, आतच राहतील."

एका खोट्याने मशीन पहिल्यापेक्षा जास्त बिघडायची वेळ आणली होती. खिचडीची ताटली समोर आली, तेव्हा तो ती चमच्याने नुसती चिवडत बसला. काकूंनी विचारलं, "अळणी झाली का?"

"काकू," रत्नपालने ताटली खाली ठेवली, "मी खोटं बोललो."

मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि ओसरीवर उलगडला.

 कुलदीपने आईकडे पाहिलं. मोरूभाऊंनीसुद्धा, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, तोंड उघडून पुन्हा मिटलं. रत्नपालने खाली मान घालून सगळं सांगितलं. खोबण, पायपुसणं, वाळू, चरे. "तुमच्या भक्तीला नावं ठेवायची नाहीत, काकू. पण त्या जागी काहीही ठेवलं तरी हेच होणार. सोनं ठेवलंत तरी."

काकूंनी पदर सावरला आणि त्या रुमालाजवळ बसल्या. रत्नपालला वाटलं, आता रडणार. काकूंनी चष्मा लावला आणि बोटाने एकेक दाणा बाजूला सारायला सुरुवात केली. ओठ हलत होते.

"काय करतेस गं?" मोरूभाऊंनी विचारलं.

काकूंनी हाताने थांबा म्हणून खूण केली. शेवटचा दाणा सारून झाल्यावर त्यांनी मान वर केली. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "दोन कमी आहेत."

"काय कमी आहेत?"

नेम बोलून दाखवायचा नसतो, म्हणून काकूंनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण आता सांगावंच लागलं. चातुर्मासात त्यांनी गजराजाला अक्षतांची लाखोली बोलली होती. एक लाख दाणे. रोज आठशे चौतीस. पहाटे मोजून घ्यायचे, एकेक वाहायचा, मग कुंचल्याने ताम्हनात गोळा करून डब्यात भरायचे. आणि दर एकादशीला डबा पुन्हा मोजायचा.

"आज सकाळीच मोजला," काकू म्हणाल्या. "मागच्या एकादशीपासून त्रेचाळीस कमी भरले. प्रत्येक वेळी असे कमी भरतात. मी आपली वरून घालून पुरे करते. मला वाटायचं, चिमण्या खातात. बोललेसुद्धा मी त्यांना." त्यांनी रुमालाकडे बोट केलं. "हे एक्केचाळीस. अजून दोन तुमच्या सिलिंडरमध्ये आहेत, रत्नपाल."

"नाहीत, काकू. सगळं साफ केलंय मी."

"आहेत," काकू म्हणाल्या. अगदी हळू.

"चिमणीनं दोन खाल्लं असतील," मोरूभाऊंनी तडजोड सुचवली.

काकूंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. रत्नपाल उठला. वीस वर्षांत त्याला त्याच्या कामाचा हिशेब कुणी असा दाण्यात दिला नव्हता. तो पुन्हा स्टुलावर चढला, टॉर्च लावला. पायपुसण्याची खाच साफ होती. तिच्या आत मुख्य सीलची खाच, तिथेही फाटकं सील काढून त्याने फडकं फिरवलेलं. काहीच नव्हतं. खाली सांगणार होता, काकू, नाहीत. तरी सवयीने करंगळीचं नख खाचेच्या तळाशी गोल फिरवलं. अर्धा फेरा गुळगुळीत. आणि मग नख अडखळलं.

तळाशी, कोपऱ्यात, ऑइलने काळे पडलेले दोन दाणे चिकटून बसले होते. नवीन सील त्यांच्यावरच बसलं असतं. पंधरा दिवसांत, फार तर तीन आठवड्यांत, ते पुन्हा एका बाजूने कापलं गेलं असतं. आणि मग चौथ्यांदा खाडी ओलांडायला रत्नपालला कुणी बोलावलं नसतं.

त्याने ते दोन दाणे तळहातावर घेऊन काकूंपुढे धरले. काकूंनी ते उचलून रुमालात ठेवले आणि म्हणाल्या, "त्रेचाळीस."

"काकू," रत्नपाल म्हणाला, "तुम्ही मोजलं नसतं तर माझं नाव गेलं असतं."

"नाव कसलं जातंय! पण तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलंच," काकू म्हणाल्या. "पण दाण्यांचं नाही. माझ्या घरात तुम्हाला खरं बोलायची भीती वाटली त्याचं. आणि तेही एकादशीला."

रत्नपालने उरलेली खिचडी खाल्ली, दांड्यावरचे चरे बारीक कागदाने घासून गुळगुळीत केले, नवीन सील, नवीन पायपुसणं बसवलं. सोंड वर गेली. इंजिन बंद. नवी खडूची रेघ, नवीन वर्तमानपत्र. चारही जण खाली रांगेत बसून वर बघत राहिले. अर्धा तास झाला, तास झाला. रेघ हलली नाही. वर्तमानपत्रावर फक्त मोरूभाऊंच्या विडीची राख पडली होती, तेवढी रत्नपालने उठून बोट लावून पाहिली.

"पनवेलवाला कॅन्सल," कुलदीप म्हणाला. "आणि त्या अकरा जणांना मी आजच सांगतो."

"काय सांगशील?" मोरूभाऊ म्हणाले. "आईनं तांदूळ घातलं म्हनून?"

"सांग की," काकू म्हणाल्या. "त्यांच्याही घरी आया आहेत."

आता प्रश्न उरला लाखोलीचा. कार्तिकी एकादशीला अजून दीड महिना होता आणि बासष्ट हजार पाचशे पन्नास दाणे वाहून झालेले. नेम अर्ध्यात सोडणं काकूंच्या शब्दकोशात नव्हतं. त्यांनी सरळ रत्नपालला विचारलं, "मशीन तुम्हाला माहीत. कुठे वाहू, ते तुम्हीच सांगा."

देवाच्या बाबतीत आपला सल्ला कुणी विचारेल, असं रत्नपालला कधी वाटलं नव्हतं. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली. दांडा नको. सांधे नकोत, तिथे ग्रीस. इंजिन तर नकोच. मग तो पुढच्या बकेटपाशी थांबला. जमिनीवर टेकलेली, परातीसारखी रुंद.

"इथे," तो म्हणाला. "हिचं कामच पोटात घ्यायचं आहे. काही घातलं तरी हिला बाधत नाही. आणि कडा उंच आहेत, एक दाणा बाहेर जायचा नाही."

काकूंनी बकेटमध्ये वाकून पाहिलं, हात फिरवला. "इथे हिशेबही नीट लागेल," त्या समाधानाने म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "एक विचारू? हे त्रेचाळीस, आणि आधीचे जे कुठे वाहून गेले ते, हे देवाला पोचले असं धरायचं की परत वाहायचे?"

रत्नपालने सिलिंडरकडे बोट केलं. "बाकीचे दाणे तुम्ही वरून उचललेत, काकू. हे तर थेट आत पोचलेत. एवढ्या आत मीसुद्धा पहिल्या फेरीत पोचलो नव्हतो."

काकू हसल्या. त्यांनी रुमाल धुऊन द्यायचा म्हणून ठेवून घेतला, पिशवीत दोन नारळ घातले आणि रत्नपाल मोटरसायकलला किक मारेपर्यंत त्या शेडमध्ये गेल्यासुद्धा. इंजिन चालू असल्यामुळे त्या काय बोलत होत्या ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने इंजिन बंद केलं.

काकू वाशांकडे तोंड करून, मूठभर कोरे तांदूळ जमिनीवर टाकत उभ्या होत्या. "खा गं बायांनो," त्या म्हणत होत्या. "मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. हे मोजलेले नाहीत."